तीन दिवसांचे अंतर : एडविन माँटेग्यू यांची दोन लिखाणे आणि त्यांचे घराणे

वाचकहो, मुंबईत, पुण्यात किंवा कोकणात मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या पिढीने इतिहासाच्या पुस्तकात 'माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा' हा धडा घोकलेला आहे. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न. १९१९ चा कायदा, प्रांतांतील द्विदल राज्यपद्धती, राखीव खाती आणि सोपीव खाती एवढे पाठ केले की मार्क मिळत. माँटेग्यू म्हणजे हिंदुस्थानला स्वराज्याच्या वाटेवरचा पहिला हप्ता देणारे भारतमंत्री, एवढीच त्यांची ओळख. ते यहुदी होते ही गोष्ट त्या धड्यात सहसा नसे.

आपण इथे इस्रायलमध्ये आलो. आपली मुले हिब्रू शाळेत गेली आणि त्यांच्या इतिहासात हेच नाव दुसऱ्या रूपात भेटले. १९१७ साली ब्रिटिश सरकार बाल्फोर जाहीरनामा काढत असताना त्याला सर्वांत कडवा विरोध करणारा मंत्री कोण? तर यहुदी असलेला एडविन माँटेग्यू. तिकडे मित्र आणि इकडे घरचा भेदी.

एकाच माणसाबद्दल दोन देशांत असे उलटे मत का असावे? या दोन्ही देशांची मीठभाकर खाल्लेला आपल्यासारखा समाज दुसरा क्वचितच असेल. म्हणून माँटेग्यू यांची दोन लिखाणे शेजारी ठेवून वाचण्याचा आणि त्यांचा खरा-खोटा हिशेब करण्याचा अधिकार आपल्याला इतरांपेक्षा जास्त आहे. पहिले लिखाण म्हणजे ऑगस्ट १९१७ मध्ये मंत्रिमंडळापुढे ठेवलेले टिपण. त्याचे शीर्षक 'सध्याच्या सरकारचा यहुदीद्वेष' अशा अर्थाचे आहे. दुसरे म्हणजे त्याच हिवाळ्यात हिंदुस्थानात फिरताना त्यांनी ठेवलेली रोजनिशी. ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९३० साली, पत्नी व्हेनिशिया यांनी 'ॲन इंडियन डायरी' या नावाने प्रसिद्ध केली.

आधी घराण्याची माहिती. वडील सॅम्युएल माँटेग्यू यांचा जन्म १८३२ साली लिव्हरपूलला झाला. लंडनमध्ये त्यांनी स्वतःच्या नावाची पेढी काढली आणि ती भरभराटीला आणली. १८८५ ते १९०० ते व्हाइटचॅपेलचे खासदार होते. पूर्व लंडनचा हा भाग म्हणजे रशिया-पोलंडकडून जीव वाचवून आलेल्या गरीब यहुद्यांची वस्ती. तिथली छोटी छोटी सिनेगॉगे एकत्र आणून त्यांनी १८८७ मध्ये 'फेडरेशन ऑफ सिनेगॉग्ज' ही संस्था स्थापली. माणूस कोट्यधीश, पण शाब्बाथ आणि कश्रुत यांच्या बाबतीत तसूभर ढळला नाही. १९०७ मध्ये त्यांना लॉर्ड स्वेथलिंग हा किताब मिळाला आणि १९११ मध्ये ते वारले. मृत्युपत्रात त्यांनी अट घातली होती की, धर्म सोडणाऱ्या किंवा धर्माबाहेर लग्न करणाऱ्या मुलाला वारसा मिळू नये.

अशा घरात एडविन यांचा जन्म ६ फेब्रुवारी १८७९ रोजी झाला. दहा भावंडांतले ते एक. केंब्रिजला शिकले, तिथल्या युनियनचे अध्यक्ष झाले आणि १९०६ मध्ये लिबरल पक्षातर्फे पार्लमेंटात गेले. वडिलांचा कर्मठपणा त्यांना मानवला नाही. त्यावरून बापलेकांत वर्षानुवर्षे ओढाताण चालली, पण त्यांनी धर्मही सोडला नाही. १९१५ मध्ये व्हेनिशिया स्टॅन्ली यांच्याशी लग्न ठरले तेव्हा त्या बाईंनी आधी यहुदी धर्म स्वीकारला. मृत्युपत्रातील अटीमुळे दुसरा मार्गच नव्हता. पंतप्रधान ॲस्क्विथ हे व्हेनिशियांना रोज पत्रे लिहीत आणि त्यांत राज्यकारभाराच्या गोष्टीही मोकळेपणाने सांगत, ही कथा इंग्रजी पुस्तकांतून इतकी रंगवली गेली आहे की त्या धुरळ्यात एडविन यांचे काम दिसेनासे होते. चरित्रकारांच्या या आवडीबद्दल माझी तक्रार आहे. ज्या माणसाने तीस कोटी लोकांच्या कारभाराची घडी बदलण्याचा यत्न केला, तो केवळ एका प्रेमकथेतला तिसरा गडी म्हणून लक्षात राहावा हे योग्य नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. १७ जुलै १९१७ रोजी माँटेग्यू भारतमंत्री झाले. २० ऑगस्ट रोजी त्यांनी कॉमन्स सभागृहात ती प्रसिद्ध घोषणा केली की, हिंदुस्थानात जबाबदार राज्यपद्धती टप्प्याटप्प्याने आणणे हे ब्रिटिश सरकारचे धोरण आहे. आणि २३ ऑगस्ट ही तारीख बाल्फोर जाहीरनाम्याच्या मसुद्याविरुद्धच्या त्या टिपणाची आहे. मध्ये फक्त तीन दिवस. एका हाताने त्यांनी हिंदी लोकांना स्वराज्याचे वचन दिले आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या लोकांच्या राष्ट्रीय घराला नकार लिहिला.

पुष्कळ टीकाकार इथे थांबतात आणि म्हणतात, पाहा किती विसंगत माणूस! मला तसे वाटत नाही. दोन्ही लिखाणे नीट वाचली तर त्यांच्या मुळाशी एकच विचार सापडतो. माणूस ज्या भूमीत राहतो तिथला तो पूर्ण नागरिक असावा. धर्म ही त्याची स्वतःची गोष्ट असावी. धर्मावरून त्याचे नागरिकत्व कमीही होऊ नये आणि दुसरीकडे हलवलेही जाऊ नये. चेम्सफर्ड यांच्याबरोबर लिहिलेल्या १९१८ च्या अहवालातही हाच सूर आहे. धर्मावर आधारलेले वेगळे मतदारसंघ स्वराज्याच्या वाटेतला अडथळा आहेत असे अहवाल स्पष्ट म्हणतो. मात्र मुसलमानांसाठी ते चालू ठेवतो आणि शिखांनाही देतो. तत्त्व एक आणि व्यवहार दुसरा, हा सुधारणांतला दोष खराच. पण तत्त्व तेच होते.

टिपणातला युक्तिवाद थोडक्यात असा. यहुदी हे राष्ट्र नसून एका धर्माचे लोक आहेत. इंग्लंडमधला यहुदी आणि मोरोक्कोमधला यहुदी हे एका राष्ट्राचे म्हणता येत नाहीत, जसे इंग्रज ख्रिस्ती आणि फ्रेंच ख्रिस्ती एका राष्ट्राचे म्हणता येत नाहीत. पॅलेस्टाईन हे यहुद्यांचे घर आहे असे एकदा जाहीर झाले की, प्रत्येक देश आपल्या यहुद्यांना म्हणेल, जा तुमच्या घरी. भारतमंत्री म्हणून त्यांना आणखी एक काटा टोचत होता. आपल्याच सरकारने आपले राष्ट्रीय घर तुर्कांच्या मुलखात आहे असे जगाला सांगितले, तर आपण हिंदुस्थानच्या लोकांशी इंग्लंडच्या वतीने कोणत्या तोंडाने बोलावे?

या टिपणातले गुण आधी सांगतो. माँटेग्यू यांना भीती वाटत होती ती खोटी नव्हती. २ नोव्हेंबर १९१७ ला निघालेल्या अंतिम जाहीरनाम्यात दोन संरक्षक कलमे आहेत. एक, पॅलेस्टाईनमधल्या बिगर-यहुदी रहिवाशांच्या नागरी व धार्मिक हक्कांना बाध येऊ नये. दुसरे, इतर देशांतल्या यहुद्यांना असलेले हक्क आणि राजकीय दर्जा यांना धक्का लागू नये. ही वाक्ये आत येण्यात माँटेग्यू यांच्या विरोधाचा मोठा वाटा होता. बाल्फोर जाहीरनामा आपण अभिमानाने वाचतो, तेव्हा त्यातले एक वाक्य त्याच्या विरोधकामुळे आले आहे हे लक्षात ठेवावे.

आता दोष. पहिला असा की, हे टिपण लंडनच्या सुखवस्तू घरात बसून लिहिलेले आहे. त्या वर्षी रशियात क्रांती होऊन तिथल्या यहुद्यांना समान हक्क मिळाले होते. माँटेग्यू त्याचा दाखला देतात आणि म्हणतात की, आता तर वेगळ्या घराची गरजच उरली नाही. पुढच्या तीस वर्षांत युरोपात काय घडले ते आपल्याला माहीत आहे. जर्मनीतल्या यहुद्यांपेक्षा जास्त पूर्ण नागरिक झालेले यहुदी कोण होते? तरी त्यांचे नागरिकत्व एका कायद्याने पुसले गेले. माँटेग्यू १९२४ मध्येच गेले, त्यांना हे पाहावे लागले नाही. पण ज्यांच्या वडिलांनी व्हाइटचॅपेलमध्ये निर्वासितांच्या झुंडी पाहिल्या, त्या मुलाने आपल्या घरची सुरक्षितता ही सर्वांची सुरक्षितता आहे असे धरून चालावे, ही चूक साधी नाही.

दुसरा दोष मला अधिक जवळचा वाटतो. हिंदुस्थानचा कारभार हाती असलेल्या या माणसाच्या डोळ्यांपुढे इंग्रज, रशियन, मोरोक्कन यहुदी होते. पण कोकणातला यहुदी त्याच्या युक्तिवादात कुठेच नाही. आपले उदाहरण घेतले असते तर त्यांचा अर्धा मुद्दा पक्का झाला असता आणि उरलेला अर्धा कोसळला असता.

कसा ते सांगतो. अलिबाग, पेण, पनवेलकडच्या गावांत आपल्या पूर्वजांना शनवार तेली म्हणत. भाषा मराठी, पेहराव मराठी, आडनाव गावावरून. शेजाऱ्याला एवढेच ठाऊक की हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवतात. तुम्ही राष्ट्र की धर्म, असा प्रश्न कोणी विचारला नाही आणि कोणी हाकलूनही लावले नाही. माँटेग्यू म्हणत होते तसा, आपल्या भूमीचा पूर्ण रहिवासी असलेला यहुदी पाहायचा तर तो बेने इस्रायलच होता. इथपर्यंत त्यांचे बरोबर. पण १९४८ नंतर याच लोकांनी घरेदारे विकली, सरकारी नोकऱ्यांचे राजीनामे दिले आणि ते आलियाला निघाले. इराक किंवा येमेनमधल्या आपल्या बांधवांसारखा त्यांच्यावर काही दबाव नव्हता. कोणी म्हणाले नव्हते, जा तुमच्या घरी. मग ते का आले? वर्षानुवर्षे पेसाहच्या रात्री जे म्हटले, तेफिलात ज्या दिशेला तोंड केले, ते त्यांनी कधी सिद्धांत म्हणून म्हटलेच नव्हते. माँटेग्यू यांच्या टिपणात या ओढीला जागा नाही. ते कायद्याच्या भाषेत विचार करत होते आणि ही गोष्ट कायद्यात बसत नव्हती.

आणि तरीही गंमत पाहा. इथे आल्यावर आपल्याला काय विचारले गेले? तुम्ही खरे यहुदी का? १९५१-५२ मध्ये आपल्यातल्या काहींनी भेदभावाविरुद्ध धरणे धरले आणि ते हिंदुस्थानात परत गेले. पुढे त्यांतले बरेच पुन्हा आले. १९६२ मध्ये रब्बीनेटने आपल्या विवाहांबाबत चौकशीचे नियम काढले. त्याविरुद्ध उपोषणे झाली, यरुशलेममध्ये ठिय्या दिला गेला. अखेर १७ ऑगस्ट १९६४ रोजी कनेसेतने बेने इस्रायल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत असे मान्य केले. तो उन्हाळा आठवणारे वाचक आजही आहेत. माँटेग्यू म्हणत होते, यहुदी राष्ट्र नाही. झायोनिस्ट म्हणत होते, यहुदी एकच राष्ट्र. दोघांच्याही हिशेबात आपण नव्हतो, आणि आपली जागा आपल्याला स्वतः मिळवावी लागली.

आता रोजनिशीकडे वळू. ती टिपणापेक्षा पुष्कळ चांगली आहे, कारण तिथे माँटेग्यू वाद जिंकायला बसलेले नाहीत. नोव्हेंबर १९१७ मध्ये ते आले आणि पुढच्या वसंतापर्यंत फिरले. शिष्टमंडळे, मेजवान्या, संस्थानिकांच्या शिकारी, गव्हर्नरांशी वाद. गांधीजी, टिळक, जिना, ॲनी बेझंट या सर्वांना ते भेटले. गांधीजींचे साधे कपडे आणि निरिच्छपणा यांनी ते थक्क झालेले दिसतात. टिळकांचे लोकांवरचे वजन त्यांना एका भेटीत कळले. जिनांसारख्या माणसाला आपल्याच देशाच्या कारभारात संधी नसावी याची त्यांना चीड येते. अधिकाऱ्यांच्या ताठ्याबद्दल ते इतके मोकळे लिहितात की भारतमंत्र्याने असे लिहिले यावर विश्वास बसू नये. पक्ष्यांचे त्यांना वेड होते. कामाचा कंटाळा आला की ते पाखरांविषयी लिहितात आणि तिथे त्यांची भाषा निवळते.

रोजनिशीचा दोष असा की ती फार लवकर थकते. शिष्टमंडळामागून शिष्टमंडळ येते आणि लेखकाला ती सगळी सारखी दिसू लागतात. राजवाडा, आगगाडी आणि तंबू यांच्या बाहेरचा हिंदुस्थान क्वचितच दिसतो. बाल्फोर जाहीरनामा निघाल्याची बातमी त्यांना तिथेच कळली आणि तिच्याबद्दल त्यांनी कडू शब्दांत लिहिले. जे लोक राष्ट्र म्हणून अस्तित्वातच नाहीत त्यांच्यासाठी सरकारने ब्रिटिश यहुद्यांवर घाव घातला, असा त्याचा भाव आहे. पानापानावर हिंदी लोकांचा अपमान ओळखणारा लेखक आपल्या लोकांबद्दल मात्र एवढेच लिहितो.

त्यांचा खरा कस लागला तो पुढे. १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बाग घडली. सरकारी आकड्याप्रमाणे ३७९ माणसे मारली गेली. ८ जुलै १९२० ला कॉमन्समध्ये चर्चा झाली तेव्हा जनरल डायरला दूर केल्याचे समर्थन माँटेग्यू यांनी केले. हिंदुस्थानवर दहशतीने आणि वंशाच्या अपमानाने राज्य करणार का, असा त्यांचा सवाल होता. सभागृहात आरडाओरडा झाला. एका सहकारी मंत्र्याने त्या दिवसाचे वर्णन करताना त्यांच्या यहुदीपणाकडे बोट दाखवले. लॉर्ड्स सभागृहाने डायरची बाजू घेतली आणि एका वर्तमानपत्राने डायरसाठी २६ हजार पौंड जमवले. मी इंग्रज आहे, माझा धर्म तेवढा यहुदी आहे, असे आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाला त्या दिवशी त्याच्याच सभागृहाने परका ठरवले. तरी ते मागे हटले नाहीत. स्वतःच्या लोकांची लाज वाटणारा माणूस असा त्यांच्यावर शिक्का मारणाऱ्यांनी तो दिवस जरूर वाचावा.

त्याच आठवड्यात घराण्याचे दुसरे पान यरुशलेममध्ये उलटले. एडविन यांचे सख्खे चुलत भाऊ हर्बर्ट सॅम्युएल १ जुलै १९२० पासून पॅलेस्टाईनचे पहिले हाय कमिशनर झाले. १९१५ मध्येच त्यांनी पॅलेस्टाईनबाबत मंत्रिमंडळाला टिपण दिले होते. त्या वर्षी शाब्बाथ नहामूला ते हुर्वा सिनेगॉगला चालत गेले आणि त्यांनी हफ्तारा वाचली, तेव्हा लोक रडले. तेल अवीवच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांच्या नावाचा रस्ता आहे. एकाच आजोबांचे हे दोन नातू.

मार्च १९२२ मध्ये एडविन यांना राजीनामा द्यावा लागला. तुर्कस्तानबद्दल हिंदी मुसलमानांच्या भावना सांगणारी व्हाइसरॉयची तार त्यांनी मंत्रिमंडळाला न विचारता प्रसिद्ध करू दिली, हे निमित्त झाले. तो व्हाइसरॉय म्हणजे लॉर्ड रेडिंग, तेही यहुदीच. त्याच वर्षी एडविन निवडणूकही हरले. १९२३ मध्ये मुलगी ज्युडिथ जन्मली आणि १५ नोव्हेंबर १९२४ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ते वारले.

घराण्याचा वारसा पुढे अनेक वाटांनी गेला. पुतणे आयव्हर यांनी १९२६ मध्ये टेबल टेनिसची जागतिक संघटना उभी केली. तिचा स्वेथलिंग चषक त्यांच्या आईने दिला होता, आणि १९५२ साली मुंबईत जागतिक सामने झाले तेव्हा त्याच चषकासाठी खेळ रंगला. दुसरे पुतणे युएन यांनी महायुद्धात एका प्रेताच्या खिशात खोटे कागद ठेवून जर्मनांना फसवले आणि पुढे ते लंडनच्या युनायटेड सिनेगॉगचे अध्यक्ष झाले. पण माझ्या मते आपल्यापर्यंत पोचलेला वारसा एडविन यांचा नव्हे, त्यांच्या बहिणीचा आहे.

लिली माँटेग्यू (१८७३-१९६३) यांनी तरुणपणीच लंडनच्या कामगार यहुदी मुलींसाठी क्लब काढला. १९०२ मध्ये क्लॉड मॉन्टेफिओर यांच्याबरोबर ज्युइश रिलिजस युनियन स्थापली. वडील नाराज झाले, पण त्या थांबल्या नाहीत. सिनेगॉगमध्ये बाईने उभे राहून प्रवचन देणे ही त्या काळी केवढी गोष्ट! एडविन भारत खात्याचे काम पाहत होते त्याच काळात, हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती मिळवणारी पहिली स्त्री लंडनमध्ये वैद्यकी शिकत होती. ती आपली डॉ. जेरुशा झिराड. लिली माँटेग्यू यांच्या मंडळींशी तिथे त्यांचा परिचय झाला आणि १९२५ मध्ये डॉ. झिराड यांनी मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन सुरू केली. त्यातूनच रोदेफ शालोम हे सिनेगॉग उभे राहिले. कामा हॉस्पिटलच्या प्रमुख आणि १९६६ च्या पद्मश्री म्हणून डॉक्टरीणबाईंना सगळे ओळखतात. हा धागा मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. लिली यांच्या जागतिक संघटनेचे मुख्य कार्यालय १९७३ मध्ये यरुशलेमला आले, हेही इथे नोंदवतो.

एडविन यांनी हिंदुस्थानला कायदा दिला. तो सोळा वर्षांत बदलला गेला. लिली यांनी हिंदुस्थानात पाऊलही न टाकता आपल्या समाजातल्या बायकांना प्रार्थनेत बसायला जागा दिली. भारतमंत्र्यांना न दिसलेला बेने इस्रायल त्यांच्या बहिणीला दिसला, कारण ती माणसांकडे एकेक करून पाहत होती.

नातवंडांनी विचारले, की हा माँटेग्यू आपला की परका, तर मी सांगेन: त्यांचे टिपण वाचा आणि त्याच्याशी भांडा, रोजनिशी वाचा आणि तिचा आनंद घ्या, आणि ८ जुलै १९२० चे भाषण वाचून त्यांना मान द्या. आपल्यातल्या ज्या आजी-आजोबांना रोदेफ शालोममधल्या प्रार्थना किंवा डॉ. झिराड यांचे दर्शन आठवत असेल, त्यांनी चार ओळी लिहून या अंकाकडे जरूर पाठवाव्यात. माँटेग्यू घराण्याच्या इंग्रजी पुस्तकांत ते पान नाही. ते आपणच लिहायचे आहे.